लीजच्या गाडीचा मेंटेनन्स करारात घ्यावा की आपल्याकडे ठेवावा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याने अधिकाऱ्यांसाठी मोटार किंवा मालासाठी पिकअप लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर, घ्यायचे ठरवले, की लीज कंपनीकडून बहुधा दोन दर येतात: एक केवळ गाडीच्या भाड्याचा आणि दुसरा देखभाल-दुरुस्तीसह. दुसरा दर पाहिला की आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "उद्यमनगरात आपला मेस्त्री असताना मेंटेनन्सचे पैसे कंपनीला कशाला द्यायचे?" स्वतःच्या मालकीच्या गाडीबाबत हा विचार रास्त आहे, कारण ज्या गावात सुट्या भागांचे ओतकाम होते आणि लेथवर एखादा बुश तासाभरात करून मिळतो, तिथे दुरुस्ती स्वस्तही होते आणि चोखही. लीजच्या गाडीला मात्र तो हिशेब लागू पडत नाही.

लीजची गाडी मुदत संपेपर्यंत कंपनीच्या मालकीची असते. मेंटेनन्स आपल्याकडे ठेवला तरी सर्व्हिसिंग अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, ठरलेल्या किलोमीटरला, मूळ सुटे भाग वापरून करावे आणि त्याची बिले जपून ठेवावीत, अशी अट बहुतेक करारांत असते. आमच्या कारखान्याच्या पहिल्या लीजच्या पिकअपच्या वेळी ही अट मी वाचली होती, पण तिचे वजन गाडी परत देण्याच्या दिवशी कळले. तपासणीला आलेल्या माणसाने बॅटरी मारून मडगार्डच्या आतून पाहिले, चारही टायरच्या खाचेत मापक घालून आकडे लिहून घेतले आणि मग जॉब कार्डांची, म्हणजे सर्व्हिस सेंटरने केलेल्या कामाच्या नोंदींची, फाइल मागितली. आमच्याकडे चार सर्व्हिसिंगची कार्डे होती. उरलेल्या तीन वेळा ऑइल आणि फिल्टर ओळखीच्या गॅरेजमध्ये बदलले होते, काम उत्तम झाले होते, पण कागद नव्हता. अनामत रकमेतून झालेली कपात त्या तीन वेळी वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त निघाली. म्हणून मेंटेनन्सच्या वाढीव भाड्याची तुलना अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या खर्चाशी करावी, उद्यमनगरातील दराशी नव्हे.

त्यासाठी प्रथम गाडी वर्षाला किती आणि कुठे धावणार हे कागदावर मांडावे. मनाने अंदाज बांधू नये. सध्याच्या गाडीच्या जुन्या सर्व्हिस बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात, त्यांतून खरा आकडा निघतो. पुणे-बंगळूर महामार्गावरचे 20,000 किलोमीटर आणि गगनबावडा किंवा आंबा घाटातले 20,000 किलोमीटर सारखे नसतात. घाटात ब्रेक पॅड लवकर संपतात, पावसाळ्यातील खड्ड्यांनी सस्पेन्शनचे बुश जातात, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाणाऱ्या गाडीची क्लच प्लेट झिजते. बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे मानक) डिझेल गाडी केवळ शहरातल्या लहान फेऱ्यांसाठी घेतली, तर धुराच्या मार्गातला फिल्टर काजळीने चोंदण्याचा त्रासही गृहीत धरावा.

मग हिशेब करावा. समजण्यापुरते उदाहरण घेतो. वाचकांनी आपल्या गाडीचे दर त्यात घालावेत. मुदत 36 महिने, वापर वर्षाला 20,000 किलोमीटर आणि मेंटेनन्ससाठी दरमहा 3,500 रुपये जादा, सर्व रकमा करासह. तीन वर्षांत हे 1,26,000 रुपये होतात. दुसऱ्या बाजूला दर 10,000 किलोमीटरला एक याप्रमाणे सहा सर्व्हिसिंगचे सरासरी 7,500 धरून 45,000, टायरच्या एका संचाचे 26,000, पुढच्या ब्रेक पॅडच्या दोन जोड्यांचे 7,000, बॅटरीचे 6,500 आणि व्हील अलाइनमेंट, वायपर, बल्ब अशा किरकोळ कामांचे 10,000, म्हणजे एकूण 94,500 रुपये. फरक 31,500 रुपयांचा, महिन्याला 875. हा फरक म्हणजे अनपेक्षित खर्चाची जोखीम कंपनीवर टाकण्याची किंमत होय.

ती किंमत योग्य आहे का, हे ठरवताना वॉरंटीकडे पाहायला अनेकजण विसरतात. अनेक गाड्यांना तीन वर्षे किंवा 1,00,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, उत्पादकाची वॉरंटी असते. लीजची मुदतही तीनच वर्षांची असेल, तर इंजिन किंवा गिअरबॉक्समधील निर्मितीदोषाचा खर्च तसाही आपल्यावर येणार नसतो, आणि मेंटेनन्सच्या नावाखाली आपण मुख्यतः ऑइल, फिल्टर, टायर आणि झिजणाऱ्या भागांचेच पैसे भरतो. मुदत चार-पाच वर्षांची असेल तर चित्र बदलते, कारण वॉरंटी संपल्यानंतर एसीचा कॉम्प्रेसर किंवा टर्बो गेला, तर त्या एका बिलात वर्षभराची बचत जाऊ शकते.

यानंतर कराराची वगळलेल्या बाबींची यादी शब्दन् शब्द वाचावी. माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यायला हवा. टायर किती मिळणार आणि ते किती खाच उरल्यावर बदलणार, हे आकड्यात लिहून घ्यावे. कायद्याने मोटारीच्या टायरला किमान 1.6 मिलिमीटर खाच लागते, पण आपल्या पावसात तितक्यावर घाट उतरणे मला धोक्याचे वाटते. क्लच प्लेट "नैसर्गिक झीज" म्हणून बदलून देणार की "चालकाचा निष्काळजीपणा" म्हणून नाकारणार, बॅटरी किती वेळा, सीएनजी गाडी असल्यास टाकीच्या दर तीन वर्षांनी होणाऱ्या हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबाखाली होणाऱ्या तपासणीचा) खर्च कोणाकडे, हे विचारावे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता, त्यामुळे पुराचा प्रश्न कोल्हापूरकरांसाठी दूरचा नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीची दुरुस्ती मेंटेनन्समध्ये सहसा बसत नाही. ती विम्याची बाब असते, आणि पाणी शिरलेले इंजिन सुरू केल्याने झालेले नुकसान साध्या विम्यातही मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. तिचा हप्ता कोण भरणार, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे.

मेंटेनन्स घेतला, पण काम कोठे होणार? कोल्हापुरातच की गाडी सांगली-पुण्याला न्यावी लागणार, याचे उत्तर सेंटरच्या नावासह मागावे, आणि त्या सेंटरला स्वतः फोन करून सर्व्हिसिंगसाठी किती दिवसांनी वेळ मिळते ते विचारावे. गाडी दुरुस्तीत असताना बदली गाडी किती तासांनंतर व किती दिवस मिळेल, हे कलम मालवाहू गाडीसाठी फार महत्त्वाचे आहे, कारण कास्टिंग वेळेत न पोहोचल्याचे नुकसान दुरुस्तीच्या बिलापेक्षा मोठे असते.

कराबाबत थोडक्यात: चालकासह 13 पर्यंत आसनांच्या प्रवासी गाड्यांच्या भाड्यावरील आणि दुरुस्तीवरील जीएसटीची वजावट काही अपवाद सोडता मिळत नाही, म्हणून दोन्ही दर करासह धरावेत, मालवाहू गाड्यांना ती मिळते. मेंटेनन्सवर भाड्याच्याच दराने कर लागणार की वेगळ्या, हे कोटेशनवरच लिहून घ्यावे.

माझे मत असे, की रोज घाटात जाणारी, चार वर्षांहून अधिक मुदतीची किंवा जिच्यावाचून माल अडतो अशी गाडी मेंटेनन्ससह घ्यावी. वर्षाला 10,000-12,000 किलोमीटरच धावणारी, तीन वर्षांत परत जाणारी मोटार मेंटेनन्सशिवाय घ्यावी. मात्र तिची जॉब कार्डे ठेवण्याची जबाबदारी कार्यालयातील एकाच माणसाकडे नावाने सोपवावी. दोन्हींच्या मधली गाडी असेल तर टायर वगळून उरलेल्या मेंटेनन्सचा तिसरा दर मागावा. टायर आपण शाहूपुरीतल्या दुकानातून भाव करून, पण कराराला चालणाऱ्या मापाचे आणि पक्क्या बिलासह घेऊ शकतो.