नागपुरात 'भाऊ' कुठं अन् कसं म्हणायचं
नवीन आले असाल तर ऑटोवाल्याला बिनधास्त 'भाऊ, बर्डीला येता का?' म्हणा (बर्डी म्हणजे नागपुरातली सीताबर्डी), पण क्रियापद 'येता'च ठेवा, 'येतो का' म्हटलं की भाडं वाढलंच समजा. पोह्याच्या ठेल्यावर 'भाऊ, तर्री जास्त टाका' एवढं पुरते, तर्री म्हणजे पोह्यावरचा तिखट रस्सा. 'काय बे भाऊ' मात्र फक्त दोस्ताला, वयानं मोठ्या माणसाला चुकूनही नाई. नावापुढं जोडलं की मान येते, अन् बॅनरवर 'भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा' दिसलं तर तो कोणाचा सख्खा भाऊ नाई, नेता असते. खरी गंमत भाऊजीची, बहिणीचा नवराही भाऊजी अन् बायका दिरालाही भाऊजीच म्हणतात, म्हणून लग्नात कोणी 'भाऊजी' अशी हाक मारली तर आधी बोलणारं कोण ते पाहा. भावाची बायको वहिनी. चुलत, मामे, आते, मावस हे पत्रिकेपुरतं, हाक मारताना सगळे भाऊच.