पहिल्या क्लिकला रखडणारी साइट आणि कॅश प्रीलोड

मावशीच्या फराळाच्या ऑर्डरची वर्डप्रेस साइट मीच बघतो, पेज कॅशचं प्लगइन (एकदा बनलेलं पेज साठवून पुढच्यांना तेच देणारं) आधीपासून होतं तरी सकाळी पहिल्यांदा कोणी लाडवाचं पेज उघडलं की गोल गोल फिरत बसायचं आणि रिफ्रेश केलं की झटक्यात उघडायचं. सगळी गोम इथेच. कॅश फाइलची मुदत संपली की पुढे जो कोणी येईल त्याच्यासाठी पीएचपी आणि डेटाबेस मिळून पेज नव्याने बनवतात, तो बिचारा थांबतो. ट्रॅफिक कमी असेल तर जवळपास प्रत्येक जण पहिलाच!

मग प्लगइनमधलं प्रीलोड चालू केलं. ते साइटमॅपमधल्या, म्हणजे साइटच्या पेजांच्या यादीतल्या, लिंका स्वतःच एकेक करून उघडतं, की झाली कॅश तयार. पण रात्री ते चालेचना, कारण वर्डप्रेसचं क्रॉन (ठरलेली कामं आपोआप चालवणारी सोय) काही घड्याळावर चालत नाही, साइटवर कोणी आलं तरच जागं होतं. म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये वर्डप्रेसचं क्रॉन बंद केलं आणि होस्टिंगच्या पॅनलमधून दर १५ मिनिटांनी, घड्याळावर चालणारा खरा क्रॉन जॉब लावला. हाच खरा उपाय.

शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) असेल तर दोन रिक्वेस्टमध्ये थोडी गॅप ठेवा, नाहीतर प्रीलोडच सर्व्हरचा जीव काढतं. कार्ट, चेकआउट कॅशमधून वगळाच. मोबाइलची कॅश वेगळी असेल तर प्रीलोड तीही बनवतंय ना ते बघा, आमची गिऱ्हाइकं सगळी मोबाइलवालीच. गूगलच्या हिशोबाने सर्व्हरच्या उत्तराचा पहिला बाइट ०.८ सेकंदात यायला हवा, आता लाडू-चकल्या त्यात आरामात बसतात, फोटो मात्र मावशी अजून ५ एमबीचेच पाठवते.