गच्चीवरचा सौर संच: या चुका टाळा

नागपूरच्या उन्हाबद्दल कोणाला शंका नसते, म्हणूनच येथे सौर संच बसवताना सावलीचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि मला दर डिसेंबरात त्याच तक्रारीसाठी गच्च्यांवर चढावे लागते.

मानेवाड्यातील एका घरी मे महिन्याच्या अखेरीस, भर दुपारी पाहणी करून ३ किलोवॉटचा संच बसवला गेला. त्या दिवसांत सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेकडील पाण्याच्या टाकीची सावली तिच्या पायाशीच राहिली आणि कंत्राटदाराने टाकीला लागूनच पॅनेल मांडले. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो, म्हणजे सावली टाकीच्या उंचीइतकी लांबते. रोजची १२ युनिट वीज ८ वर आली. घरमालक इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, बदलून मागत होते. मी त्यांना गच्चीवर नेऊन दोन पॅनेलांवर पडलेली सावली दाखवली. पॅनेल ज्या छोट्या चकत्यांचे बनते त्या सिलिकॉनच्या सेलवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होऊन प्रवाह वाहू लागतो. परंतु सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने झाकलेला एकच सेल सगळ्या माळेचा प्रवाह अडवतो. पॅनेलमधला बायपास डायोड हा सुटा भाग प्रवाहाला झाकलेल्या सेलभोवती वळसा देतो, तरी बहुतेक पॅनेलांत तेवढ्या वेळेपुरता एक तृतीयांश भाग वाया जातोच. शेवटी सांगाडा उखडून उत्तरेकडे सरकवावा लागला. टाकी असो वा जिन्याची खोली, तिच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडल्याशिवाय मी रांग आखत नाही. पंचवीस वर्षे चालवायच्या संचाची जागा एका दुपारच्या पाहणीवर ठरवण्याची घाई मला मुळीच पटत नाही.

जितका उन्हाळा कडक तितकी वीज जास्त, हाही गैरसमजच आहे. पॅनेलची क्षमता सेलचे तापमान २५ अंश धरून मोजलेली असते आणि त्यापुढील प्रत्येक अंशाला ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात सेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. पॅनेल टिनाच्या पत्र्याला चिकटवू नये, खालून वारा खेळला पाहिजे.

तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये. मी सूर्योदयापूर्वी धुतो, तेही बोअरच्या जड पाण्याने नाही, कारण त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात.

वीज गेली की बॅटरी नसलेला, ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेला संचही बंद होतो. तो बिघाड नसून, संचाची वीज बंद तारांत शिरू नये म्हणून खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी केलेली सोय आहे.

संच चालू असताना पॅनेलच्या वायरींचा जोड कधीही ओढून सोडवू नये. पॅनेलमधून येणाऱ्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही. आधी इन्व्हर्टर थांबवावा, मग डीसीचा स्विच पाडावा आणि त्यानंतरच वायरीला हात लावावा.