इन्सर्ट स्लो आहे म्हणून लगेच मेमरी वाढवायला जाऊ नका

जॉबला लागल्यावर पहिलंच काम मिळालं ते म्हणजे सीएसव्ही फाइलीतल्या वीसेक लाख ओळी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकायच्या. मी लूप लावला, एक ओळ एक इन्सर्ट (ओळ घालायची कमांड), लगेच कमिट (बदल पक्का करणं), रात्री सुरू करून घरी गेलो. सकाळी बघतो तर निम्मंही झालेलं नाही. कुठेतरी वाचलं होतं मेमरी वाढवा, म्हणून वर्क मेम (क्वेरीतल्या सॉर्टिंगसारख्या कामाला मिळणारी मेमरी) ४ एमबीवरून डायरेक्ट ५१२ एमबी केली. इन्सर्ट ढिम्म, आणि दुपारी रिपोर्टच्या क्वेऱ्या एकदम आल्या तसं लिनक्सच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारतो तो) डेटाबेसच उडवला. वर्क मेम ही अख्ख्या सर्व्हरची लिमिट नसतेच, प्रत्येक सॉर्ट नि हॅश तेवढी घेऊ शकतो, एका क्वेरीत असे तीन-चार, वर कनेक्शन्स पन्नास, करा गुणाकार.

सीनियर ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "सर्व्हर अडलाय कुठे ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं. पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी (कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारा व्ह्यू) उघडलं तर वेट इव्हेंटमध्ये, म्हणजे कशासाठी थांबलंय त्या रकान्यात, सारखं वॉल सिंक (वॉल हा बदलांचा लॉग), म्हणजे दर कमिटला लॉग डिस्कवर पक्का होईपर्यंत स्क्रिप्ट नुसती ताटकळत बसायची. रॅमचा संबंधच नव्हता राव!

मग दहा हजार ओळींमागे एक कमिट केला, तेवढ्यानेच चित्र पालटलं. नंतर इन्सर्ट सोडून ओळी एकदम ढिगाने भरणारी कॉपी कमांड वापरली, टेबल नवीनच होतं म्हणून प्रायमरी की सोडून बाकीचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या याद्या) आधी काढले आणि लोड झाल्यावर बनवले, आणि इथे मात्र मेमरी खरंच कामाला येते, मेंटेनन्स वर्क मेम (इंडेक्स बनवण्यासारख्या कामाची मेमरी, डिफॉल्ट ६४ एमबी) फक्त त्या सेशनपुरती १ जीबी केली. शेअर्ड बफर्स (डेटाबेसची सामायिक कॅश) डिफॉल्ट १२८ एमबीच असतात, मशीनवर फक्त डेटाबेसच असेल तर रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करा. सर्व्हरच्या मेसेज लॉगमध्ये चेकपॉइंट (मेमरीतला बदललेला डेटा डिस्कवर उतरवणं) फार लवकर लवकर होतायत अशी वॉर्निंग दिसली तर मॅक्स वॉल साइज (दोन चेकपॉइंटमध्ये वॉल किती वाढू द्यायचा) वाढवा. एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर खरंच पोचल्याची खात्री करणं) बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, वीज गेली की डेटाच करप्ट होऊ शकतो. सिंक्रोनस कमिट (कमिटला लॉग डिस्कवर जाईपर्यंत थांबणं) बंद केलं तर क्रॅशमध्ये शेवटचे थोडे कमिट जातात, पण डेटाबेस धड राहतो, फेरलोड करता येणाऱ्या डेटाला ते चालतं.

आणि लोड संपला की ॲनालाइझ (टेबलाचे आकडे गोळा करणारी कमांड) मारा. मी विसरलो होतो, प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) नवीन टेबलाचे आकडेच नव्हते, त्यामुळे साध्या जॉइनला भलताच प्लॅन निवडला आणि परत माझ्याच नावाने हाक आली.