द्राक्ष युरोपला पाठवायचंय? मग फवारणीची वही आत्तापासूनच लिहा

गोडी छाटणी (फळासाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) उरकून बहुतेक बागा पोंग्याच्या, म्हणजे कोंब फुटण्याच्या, पुढे सरकल्या आहेत. निफाड असो, दिंडोरी असो की तासगाव, सध्या सगळ्यांची झोप डाऊनी या बुरशीजन्य रोगाने उडवली आहे. ढग दिसले की ब्लोअर (फवारणी यंत्र) बाहेर निघतो आणि निघायलाच हवा. पण ज्यांना माल निर्यातीला द्यायचा आहे त्यांनी टाकीत काय पडतंय याकडे आत्ताच डोळ्यांत तेल घालून बघावं. फेब्रुवारीत प्रयोगशाळेला जे सापडणार, ते बागेत आत्ता जातंय.

ज्या औषधाचा फळात किती अंश (रेसिड्यू) चालेल याची मर्यादा युरोपने वेगळी ठरवलेली नाही, त्याला सरसकट 0.01 मिलिग्रॅम प्रति किलो हा नियम लागतो. एकरी दहा टन माल धरला, तर अख्ख्या एकराच्या द्राक्षांत मिळून एक दशांश ग्रॅम. टाकी नीट न धुता दुसऱ्या पिकाचं औषध फवारलेला पंप बागेत आणला, तरी एवढ्याला पुरे होतं. शेजारच्या रानात तणनाशक मारलं जात असेल तर वाऱ्याची दिशा बघा, शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. टू-फोर-डी या तणनाशकाने वेलीचं नुकसान होतं ते वेगळंच.

2010 चा हंगाम जुन्या बागायतदारांच्या अजून लक्षात असेल. क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे वाढ रोखणारं आपलं सीसीसी, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि आपले कंटेनर युरोपात अडकले. कित्येकांचं वर्ष त्यात गेलं. घडांवर ते कुणी मारलं नव्हतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (काडी तयार करण्यासाठीची छाटणी) शेंडा थांबावा, काडीत घड धरावेत म्हणून ते वापरलं जायचं. ते काडीत साठून राहिलं आणि पुढच्या हंगामात मण्यांत उतरलं. म्हणून ‘काढणीला अजून चार महिने आहेत, तोवर उतरेल’ हा हिशोब प्रत्येक औषधाला लावू नका. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचंही भान ठेवा. युरोपने 2020 मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. मिलीबगसाठी (पिठ्या ढेकूण) खोडावर, ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) मारण्याची जुनी सवय असेल तर निर्यातीच्या प्लॉटमध्ये ती मोडायलाच हवी.

मग मारायचं काय? अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या रेसिड्यू नियंत्रण आराखड्यात परिशिष्ट 5 असतं. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या संकेतस्थळावरही ते मिळतं. औषध, मात्रा आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी बंद ठेवायची (पीएचआय), सगळं त्यात दिलेलं असतं. यंदाचीच यादी घ्या, गेल्या वर्षीची भिंतीवर लावलेली काढून टाका. जोड औषध (दोन घटकांचं मिश्रण) असेल तर डब्यावरचे दोन्ही घटक यादीत आहेत का ते बघा. आणि घटकच न लिहिलेलं ‘टॉनिक’ किंवा ‘जैविक’ कुणी कितीही खात्रीने देवो, निर्यातीच्या प्लॉटवर नको म्हणजे नको. माझं याबाबतीत ठाम मत आहे, कारण त्या बाटलीत काय होतं ते प्रयोगशाळाच सांगते आणि तोवर उशीर झालेला असतो.

वहीत तारीख, प्लॉट, औषध, बॅच नंबर, मात्रा आणि कारण फवारणीच्या दिवशीच लिहा. दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या. कृषी विभागाकडे ग्रेपनेटवरची (निर्यातीच्या बागांची ऑनलाईन नोंद) नोंदणी किंवा नूतनीकरण दरवर्षी लागतं, तेही लांबवू नका.

घडांची संख्या आत्ताच ठरते. दीड चौरस फुटाला एक घड, म्हणजे नऊ बाय पाचच्या लागवडीत वेलीला तीसच्या आसपास. जास्त ठेवले तर फुगवण मिळत नाही. मग सीपीपीयू या मणी फुगवणाऱ्या संजीवकाचा डोस वाढवायचा मोह होतो. त्याने साल जाड होते, गोडी लांबते आणि रेसिड्यूची टांगती तलवार राहते. थिनिंगवर (मण्यांच्या विरळणीवर) मजूर लावा, ते स्वस्त पडतं. पुढे मण्यात पाणी उतरताना कडाक्याची थंडी असेल तर घडांना कागद लावा, पिंक बेरी (मणी गुलाबी पडणं) टळते.

नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस येईल तेव्हा स्वतः हजर राहा. तो सबंध प्लॉटमधून नमुना घेतोय ना, ते बघा. नमुना गेल्यावर फवारणी पूर्ण बंद.

काढणी सकाळी, पण दव सुकल्यावर. घड देठाला धरा, मण्यांवरची लव पुसली जाता कामा नये. माल उन्हात न ठेवता लगेच पॅकहाऊसला, तिथून प्रीकूलिंगला (झटपट थंड करायला). 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जाणारा माल केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागला. प्रवास बराच लांबला. जहाज कुठल्या मार्गाने जाणार हे निर्यातदाराला विचारा. वळसा असेल तर देठ हिरवे, मणी टणक असतानाच काढणी करा; गोडी वाढावी म्हणून माल वेलीवर लांबवलात तर तो तिथे मऊ पडून पोचेल.

निर्यातदाराशी बोलणी तोंडी ठेवू नका. दर, मण्याची साईज, तुटीचं प्रमाण, पैसे किती दिवसांत आणि तिकडे माल नाकारला गेला तर भार कुणावर, हे पहिली कात्री लागण्याआधी कागदावर सहीनिशी घ्या. निवडून मागे राहिलेला माल कुणाला द्यायचा, बेदाण्याला की लोकल व्यापाऱ्याला, तेही त्याच दिवशी ठरवून टाका.