हाताने बांधलेला ब्रिटिश ट्यूब कॉम्बो: या चुका टाळा

छोट्या कारखान्यात हाताने सोल्डर करून बांधलेला ब्रिटिश ट्यूब कॉम्बो, म्हणजे ट्यूबवर चालणारा गिटारचा ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात, लोक बहुधा वर्षानुवर्षं पैसे साठवून घेतात. आणि मग पहिल्या काही महिन्यांतच त्याच्यावर असे प्रयोग करतात की बघवत नाही. माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या या ॲम्पांमध्ये वयाने थकलेले थोडेच. बाकीच्यांमागे कुणाची तरी घाई असते, आणि चुका त्याच त्या.

मी लिहितोय ते मुख्यतः व्हॉक्स या ब्रिटिश ब्रँडच्या घराण्यातल्या ॲम्पांबद्दल. डिक डेनी यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या डार्टफर्डला त्याचे एसी१५ आणि एसी३० हे ॲम्प घडवले. आजही ब्रिटनमधले कितीतरी छोटे कारागीर त्याच वाटेने जातात: आउटपुटला, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या टप्प्यात, ईएल८४ ट्यूब; कॅथोड बायस, म्हणजे ट्यूबचा करंट एका रेझिस्टरने आपोआप आवरणं; आणि निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटवून मागे देणं, नाही. मार्शल या दुसऱ्या ब्रिटिश ब्रँडच्या वळणाचे, ईएल३४ ट्यूबवाले ॲम्प काही बाबतींत वेगळे वागतात, ते ओघात सांगेन.

स्पीकर जोडलेला नसताना ॲम्प चालवणं

ट्रान्झिस्टर ॲम्पवर शिकलेल्यांना ही गोष्ट पटता पटत नाही. त्या ॲम्पला स्पीकर नसला तर तो सहसा नुसता गप्प बसतो. ट्यूब ॲम्पमध्ये ट्यूब आणि स्पीकर यांच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या वेटोळ्यात साठलेल्या ऊर्जेला स्पीकरमधून वाट मिळाली नाही तर ती उलटून ट्यूबच्या अंगावर येते. जिथे एरवी तीनशेच्या वर व्होल्ट असतात तिथे क्षणभर हजारो व्होल्ट उसळतात. सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी उडते आणि जळक्या कोळशाची रेघ उमटते. एकदा ती उमटली की पुढची ठिणगी त्याच वाटेने जाते. किंवा मग ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशनच फुटतं.

एका गिटारवादकाने आपल्या दोन स्पीकरांच्या कॉम्बोतला एक स्पीकर घरी बदलला. स्पीकर उत्तम निवडला होता, हिशोबही बरोबर होता: आठ ओहमचे दोन, सिरीजमध्ये, एकूण सोळा. फक्त नव्या स्पीकरवरची एक क्लिप सैल बसली होती. ॲम्प गाडीतून कार्यक्रमाला गेला, वाटेत हादरे बसले आणि क्लिप निसटली. सिरीजमध्ये एक तार सुटली की दोन्ही स्पीकर बंद, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपुरतं काहीच जोडलेलं नाही. कार्यक्रमाआधी त्याने ॲम्प लावला, आवाज नाही. तिथेच ॲम्प बंद केला असता तर सगळं वाचलं असतं. त्याला वाटलं पेडलबोर्डात काहीतरी लोचा आहे. म्हणून त्याने व्हॉल्यूम पूर्ण चढवला, बूस्ट पेडल दाबलं आणि केबली बदलत जोरजोरात कॉर्ड मारत राहिला. आवाज आला नाही, वास आला.

माझ्याकडे आला तेव्हा दोन सॉकेट काळे पडले होते आणि ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (ट्यूबकडचं वेटोळं) एका बाजूने तुटली होती. बाजारातला तयार ट्रान्सफॉर्मर बसला असता, पण असा ॲम्प ज्या आवाजासाठी घेतात त्यातला मोठा वाटा त्या ट्रान्सफॉर्मरचाच असतो. शेवटी मूळ मापाचा गुंडाळून घेतला. तोवर कित्येक महिने तो माणूस दुसऱ्यांच्या ॲम्पवर वाजवत होता. सैल क्लिप पक्कडीने दाबायला अर्धं मिनिट लागलं असतं.

माझी सवय अशी आहे. कॉम्बो कुठूनही हलवून आणला की मेनचा प्लग लावायच्या आधी मागून हात घालून स्पीकरच्या क्लिपा आणि जॅक चाचपायचा. स्पीकरच्या प्लगवर मीटर लावायचा: आठ ओहमचा संच साधारण सहा-सात दाखवतो, सोळाचा बारा-तेरा. मीटर काहीच दाखवत नसेल तर ॲम्प चालू करायचा नाही. आणि चालू केल्यावर आवाज आला नाही तर हात आधी पॉवरच्या स्विचकडे जायला हवा. व्हॉल्यूमला शिवायचंसुद्धा नाही.

जादा कॅबिनेट (स्पीकरचं वेगळं खोकं) जोडायला गिटारची केबल वापरणं ही याच चुकीची धाकटी बहीण. दोन्हीकडे जॅक सारखाच दिसतो म्हणून लोक फसतात. गिटारच्या शिल्डेड केबलमधली मधली तार बारीक असते, स्पीकरचा करंट तिला झेपत नाही. ती तापते, कधी तुटते, कधी शॉर्ट होते. स्पीकरची केबल वेगळी ठेवा, तिच्यावर रंगीत टेप गुंडाळा आणि ती दुसऱ्या कशालाही देऊ नका.

दोन ट्यूब काढून 'अर्धी पॉवर'

हा शॉर्टकट मला सर्वात जास्त खटकतो, कारण तो सांगणारे लोक मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. तीस वॉटचा ॲम्प घरात फार मोठा वाटतो, म्हणून चारपैकी दोन ईएल८४ उपटायच्या. काही फिक्स्ड बायस ॲम्पमध्ये, म्हणजे जिथे ट्यूबला आवरणारं व्होल्टेज वेगळं पुरवलेलं असतं, योग्य जोडी काढली तर हे चालून जातं. पण एसी३०च्या मूळ मांडणीत चारही ट्यूबचे कॅथोड एकाच रेझिस्टरवर असतात, सुमारे पन्नास ओहमच्या. ट्यूबना आवर घालणारं व्होल्टेज या रेझिस्टरवर चौघींच्या करंटने मिळून तयार होतं. दोन काढल्या की ते व्होल्टेज पडतं आणि उरलेल्या दोघी जास्त करंट ओढायला लागतात. आधीच या ॲम्पमध्ये ईएल८४ तिच्या १२ वॉटच्या मर्यादेला टेकून चालते. त्यावर हा भार पडला की प्लेट लाल होते, आणि ट्यूब तर जातेच, कधी कधी बरोबर दुसरं काहीतरी घेऊन जाते. शिवाय दोनच ट्यूब उरल्यावर ट्रान्सफॉर्मरला दुप्पट ओहमचा स्पीकर हवा. हे सांगायचं सगळे विसरतात.

एवढं करून मिळतं काय? तीसचे पंधरा वॉट म्हणजे तीन डेसिबल. कानाला जेमतेम कळणारा फरक. घरात वाजवायचंच असेल तर चांगला अटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणारं उपकरण) घ्या, किंवा पाच-सहा वॉटचा छोटा ॲम्प घ्या. मोठा ॲम्प मोठ्याने वाजवायला मिळेल त्या दिवसाची वाट बघा, ती वाट बघण्यासारखी आहे.

बाकीच्या

कट नॉब उलटा समजणं. व्हॉक्स पद्धतीच्या ॲम्पवर हा नॉब जितका वाढवाल तितका ट्रेबल कमी होतो. 'आवाज मंद आहे' म्हणून माझ्याकडे आणलेल्या एका ॲम्पचा एवढाच आजार होता. कट शून्यावर ठेवून सुरुवात करा, बँडबरोबर टोचायला लागलं तर वाढवा.

खरखर आली की सगळा ट्यूबसंच बदलणं. आधी ऐका. ॲम्प चालू असताना पेन्सिलीच्या टोकाने एकेक ट्यूब हलकेच टकटक करा. जी घंटेसारखी वाजेल ती मायक्रोफोनिक, म्हणजे हादरे आवाजात मिसळणारी. कॉम्बोत स्पीकर आणि ट्यूब एकाच खोक्यात हादरत असल्यामुळे हे जास्त होतं. बहुतेक वेळा एक ईसीसी८३ (गिटारचा सिग्नल सुरुवातीला वाढवणारी छोटी ट्यूब) बदलून भागतं, आणि शोधाची सुरुवात इनपुटजवळच्या ट्यूबपासून करा.

कॅथोड बायस ॲम्पला 'बायस करून द्या' म्हणणं. तिथे फिरवायला काही नसतंच, जुळवलेला संच घाला आणि वाजवा. ईएल३४वाल्या फिक्स्ड बायस ॲम्पचं मात्र मोजून करूनच घ्या.

उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज, किंवा चांदीचा कागद. कधीही नाही. लिहिलेल्या आकड्याचाच, टी अक्षराचा स्लो-ब्लो फ्यूज घाला. तोही उडाला तर थांबा, बहुधा आउटपुट ट्यूब किंवा रेक्टिफायरमध्ये (मेनचा एसी डीसी करणारा भाग) काहीतरी शॉर्ट आहे.

घुंघुं आवाज घालवायला अर्थची पिन काढणं. यावर मी वाद घालत नाही. गिटारच्या तारा तुमच्या बोटांखाली असतात आणि त्या ॲम्पच्या चासीला जोडलेल्या असतात. आत बिघाड झाला तर मेनचं व्होल्टेज तुमच्या अंगातून जमिनीत उतरतं, माणसं अशी मेली आहेत. जिथे मेन ५० हर्ट्झ आहे तिथे ५० हर्ट्झचा जाड घुंघुं बहुधा अर्थ लूपचा किंवा हीटरचा, १०० हर्ट्झचा थोडा चढा बहुधा थकलेल्या फिल्टर कपॅसिटरचा. लूप असेल तर सगळी उपकरणं एकाच बोर्डवर लावा. कपॅसिटर असतील तर तंत्रज्ञाकडे न्या, स्वतः उघडू नका: प्लग काढल्यावरही त्यांत शेकडो व्होल्ट राहू शकतात.

सेलेस्टियन कंपनीच्या पंधरा वॉटच्या ब्लू स्पीकरवर तीस वॉटचा ॲम्प पूर्ण चढवणं. दोन ब्लू असतील तर ठीक, एकटा असेल तर तो फाटेल.

वाजवून झाल्याझाल्या ॲम्प उचलून गाडीत टाकणं. तापलेल्या ट्यूबमधले बारीक भाग हादऱ्याने सहज हलतात. केबली आधी गुंडाळा, पेडलबोर्ड आवरा, ॲम्प सगळ्यात शेवटी उचला.