निवृत्तीनंतर पोर्तुगालमध्ये राहायचंय? डी-७ व्हिसा ते रहिवासी कार्ड

युरोपात स्थायिक व्हायचं म्हटलं की आधी पैशांचा हिशेब मांडला जातो. पोर्तुगालपुरता तो फार अवघड नाही. खरी दमछाक होते ती कागदांच्या क्रमात.

गोवेकरांनी पुढचं वाचण्याआधी घरातले जुने दाखले पाहावेत. आईवडील किंवा तुम्ही स्वतः 1961 च्या डिसेंबरातल्या गोवामुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेले असाल, तर थेट पोर्तुगीज नागरिकत्वाचा वेगळा मार्ग आहे. मात्र त्यात भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं. बाकीच्यांसाठी डी-७ हा व्हिसा. पेन्शन, घरभाडं, व्याज असं काम न करता मिळणारं नियमित उत्पन्न असलेल्यांसाठीच तो आहे.

उत्पन्न किती लागतं? मोजपट्टी म्हणजे पोर्तुगालचं किमान वेतन. 2025 मध्ये ते महिना 870 युरो होतं आणि दर जानेवारीत बदलतं. जोडीदारासाठी त्यावर निम्मे, म्हणजे 2025 च्या हिशेबाने दोघांना 1305 युरो. स्पेनच्या अशाच व्हिसाला एकट्यालाच 2400 लागतात, म्हणून पेन्शनरांचा ओढा इकडे. सरकारी किंवा बँकेच्या पेन्शनवाल्यांचं यात भागू शकतं. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांच्या हाती ईपीएसचे (कर्मचारी पेन्शन योजनेचे) काही हजारच पडतात. त्यांनी घरभाड्याचा नोंदणीकृत करार आणि ठेवींच्या व्याजाचे दाखले जोडावेत. शिवाय वर्षभराच्या खर्चाइतकी शिल्लक तिथल्या बँकेत दाखवणं चांगलं. जोडप्यासाठी ती 2025 च्या हिशेबाने 15,660 युरो होते.

एनआयएफ, खातं, घर, याच क्रमाने. एनआयएफ म्हणजे तिथला कर क्रमांक, आपल्या पॅनसारखा. तो तिथल्या वकिलामार्फत घरबसल्या काढता येतो. तो हाती आला की बँक खातं, आणि मग घर. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं: व्हिसा मिळायच्या आधीच राहण्याची सोय दाखवायची असते, आणि हॉटेलचं बुकिंग सहसा चालत नाही. साधारण वर्षभराचा भाडेकरार लागतो, आणि तोही घरमालकाने कर खात्याकडे नोंदवलेला. न नोंदवलेल्या कराराने अर्ज लटकतो, तेव्हा पैसे देण्याआधी मालक नोंदणी करणार का, हे लेखी विचारून घ्यावं. लिस्बनच्या भाड्यांनी डोळे पांढरे होतात. ब्रागा किंवा कोइम्ब्रा पाहावं. पेन्शनीत राहायला ती गावं मला जास्त शहाणपणाची वाटतात.

भारतातले कागद. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. ते ताजंच लागतं, म्हणून सगळ्यात शेवटी काढा. विवाहाच्या दाखल्याचं उलट आहे. तो सगळ्यात आधी हाती घ्या. जुन्या लग्नांची अनेकदा नोंदणीच झालेली नसते, आणि आपल्याकडे लग्नात बायकोचं पहिलं नावही बदलायची पद्धत होती. पासपोर्टवर ‘सुनीता’, शाळेच्या दाखल्यावर ‘मंगल’, हे दोन कागद एकाच बाईचे आहेत हे परदेशी अधिकाऱ्याला कसं कळावं? नावबदलाची राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा. दाखल्यावर राज्य सरकारचं प्रमाणन, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरावा म्हणूनचा शिक्का), असा क्रम असतो.

अर्ज. व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राची वेळ घ्या. पासपोर्ट, फोटो, उत्पन्नाचे पुरावे, बँकेचे उतारे, भाडेकरार, 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा आणि पोर्तुगालला का जायचंय हे सांगणारं साधं पत्र जोडा. पत्रात नोकरी शोधण्याचा उल्लेख नको. निकालाला कागदोपत्री 60 दिवस. प्रत्यक्षात जास्त लागू शकतात, तोवर विमानाची तिकिटं काढू नका.

तिथे पोचल्यावर. पासपोर्टवरचा व्हिसा फक्त चार महिन्यांचा असतो. त्या मुदतीत आयमा या स्थलांतर संस्थेकडे बोटांचे ठसे आणि मूळ कागद द्यायचे (2023 पर्यंत हे काम सेफकडे होतं, त्यामुळे जुन्या माहितीत तेच नाव दिसेल). आयमाकडे कामाचा ढीग आहे. कार्ड यायला वेळ लागतो. पहिलं कार्ड दोन वर्षांचं, पुढचं तीन वर्षांचं, आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. कार्ड आल्यावर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रुग्ण क्रमांक घ्या.

नातवंडांसाठी अर्धं वर्ष पुण्यात काढायचा बेत असेल तर सांभाळून. पहिल्या कार्डाच्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुकड्यातुकड्याने मिळून आठ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात, तर परवाना धोक्यात येतो. उलट वर्षात 183 दिवसांहून जास्त तिथे राहिलात की तुम्ही तिथले करदाते. भारत-पोर्तुगाल दुहेरी करटाळणी करार आहे, पण सरकारी आणि खासगी पेन्शनला त्यात वेगळे नियम आहेत. निघण्याआधी सीएला गाठा. त्याच फेरीत बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यायचा, हेही विचारून ठेवा.